पवनचक्क्यांवरील पक्षी-आघातांचे पूर्वानुमान

वीजनिर्मितीसाठी उभारलेल्या पवनचक्कीच्या फिरत्या पात्याचा तडाखा उडत्या पक्ष्यास बसल्यास तो बहुधा जागीच मरतो. एखाद्या ठिकाणी पवनचक्क्या उभारल्यास दरवर्षी कोणत्या जातीचे साधारणतः किती पक्षी अशा रीतीने मरतील, याचा उभारणीपूर्वीच केलेला अंदाज म्हणजे पक्षी-आघातांचे पूर्वानुमान होय. पक्षिविज्ञान, गतिशास्त्र व सांख्यिकी या तीन शास्त्रांच्या सीमेवरील हा विषय मुख्यत्वे १९९० नंतर विकसित झाला. त्याच्या इतिहासातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते : यंत्राचे गणित बऱ्याच अचूकपणे मांडता आले, परंतु त्या यंत्रासमोर पक्षी कसा वागेल हे सांगणे फार अवघड ठरले.

या अंदाजाला महत्त्व आहे ते मरणाऱ्या पक्ष्यांच्या जीवनक्रमामुळे. चिमणीसारख्या लहान पक्ष्यांची वीण जलद असल्याने थोडी हानी भरून निघते. गरुड, गिधाडे व समुद्रपक्षी यांची गोष्ट वेगळी आहे. सोनेरी गरुडाची मादी सामान्यतः दोन अंडी घालते व पिलू प्रजननक्षम होण्यास चार-पाच वर्षे लागतात. ग्रिफॉन गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. अशा जातींत वर्षाकाठी काही प्रौढ पक्षी अधिक मेले, तरी कालांतराने स्थानिक संख्या घटू लागते. उलट, भीती अवाजवी असेल, तर कोळसा वा खनिज तेल न जाळता वीज देणारा प्रकल्प विनाकारण अडतो. म्हणून चुकीच्या आकड्याची किंमत दोन्ही बाजूंनी मोजावी लागते.

पूर्वपीठिका : मानवनिर्मित वस्तूंवर आपटून पक्षी मरतात, हे पवनचक्क्यांच्या पुष्कळ आधी ज्ञात होते. अमेरिकन पक्षिवैज्ञानिक एलियट कौझ यांनी १८७६ मध्ये तारायंत्राच्या तारांवर आपटून मेलेल्या पक्ष्यांविषयी लेख प्रसिद्ध केला होता. रात्री स्थलांतर करणारे पक्षी दीपगृहांच्या प्रकाशाकडे ओढले जाऊन मरतात, याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकात यूरोपच्या किनाऱ्यांवर पद्धतशीरपणे ठेवल्या जात. मात्र तार किंवा दीपगृह स्थिर असते. पवनचक्कीचे पाते फिरते आणि मोठ्या यंत्रात त्याच्या टोकाचा वेग ताशी २०० किमी. हून अधिक असू शकतो. लांबून पाहणाऱ्यास ते संथ वाटते; याच कारणाने धोक्याची कल्पना प्रथम कोणास फारशी आली नाही.

आल्टामाँट खिंड : १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत पवन ऊर्जेस उत्तेजन मिळाले. कॅलिफोर्नियात सॅन फ्रॅन्सिस्कोच्या पूर्वेस असलेल्या आल्टामाँट खिंडीत १९८१ पासून अल्पावधीत ५,००० हून अधिक लहान पवनचक्क्या उभ्या राहिल्या. जागा निवडताना वाऱ्याचा विचार झाला, पक्ष्यांचा झाला नाही. याच टेकड्यांवर जमिनीत बिळे करून राहणाऱ्या खारी विपुल असल्याने त्यांवर जगणारे सोनेरी गरुड, ससाण्यासारखे शिकारी पक्षी व बिळांत राहणारी घुबडे तेथे मोठ्या संख्येने होती. पात्यांखाली मृत गरुड सापडू लागल्यावर राज्याच्या ऊर्जा आयोगाने पाहणी करविली. एस. ऑर्लोफ व ए. फ्लॅनरी यांच्या १९९२ च्या अहवालात असे दाखविण्यात आले की, मृत्यू सर्व यंत्रांत सारखे वाटले गेलेले नाहीत. रांगेच्या टोकाची आणि दऱ्यांजवळची यंत्रे अधिक घातक आहेत. पूर्वानुमानाच्या दृष्टीने हा निष्कर्ष फार मोलाचा होता. धोका केवळ पक्ष्यांच्या संख्येवर अवलंबून नसून यंत्राच्या नेमक्या जागेवर अवलंबून आहे, ही जाणीव येथे प्रथम स्पष्ट झाली.

पुढे के. शॉन स्मॉलवुड व सी. थेलँडर यांनी २००४ च्या अहवालात या खिंडीत दरवर्षी ७५ ते ११६ सोनेरी गरुड आणि एकूण ८८० ते १,३०० शिकारी पक्षी मरत असावेत, असा अंदाज दिला. २००७ मध्ये पक्षिसंरक्षण संघटना, स्थानिक प्रशासन व यंत्रचालक यांच्यात समझोता होऊन शिकारी पक्ष्यांची हानी निम्म्याने कमी करण्याचे उद्दिष्ट ठरले. नंतर जुनी यंत्रे काढून त्यांच्या जागी थोडी परंतु मोठी यंत्रे बसविण्यात आली.

मृत पक्ष्यांची गणना : वरील आकड्यांतील विस्तृत पल्ला लक्षणीय आहे. झालेले मृत्यू मोजणे हेसुद्धा अंदाजाचेच काम आहे. पात्याखाली पडलेला पक्षी कोल्हे, कावळे इत्यादी प्राणी उचलून नेतात. उंच गवतात पडलेला पक्षी शोधणाऱ्यास दिसत नाही. काही पक्षी जखमी होऊन दूर जाऊन मरतात. समजा, शोध घेण्यापूर्वीच निम्मे मृत पक्षी नाहीसे होतात व उरलेल्यांपैकी निम्मेच शोधणाऱ्याच्या नजरेस पडतात. तर १० पक्षी सापडले असता प्रत्यक्षात सु. ४० मेले असे मानावे लागेल. यासाठी मुद्दाम ठेवलेले मृत पक्षी किती दिवस टिकतात व शोधणाऱ्यास त्यांपैकी किती सापडतात याच्या चाचण्या घेऊन संख्या दुरुस्त करण्याची पद्धत रूढ झाली. नेदर्लंड्समध्ये जे. ई. विंकेलमन यांनी ओस्टरबीरम येथील १८ यंत्रांभोवती अशा गणनेच्या जोडीला रडार व उष्णताग्राही कॅमेरे वापरून रात्रीच्या उड्डाणांचाही अभ्यास केला (१९९२). पूर्वानुमान खरे ठरले की नाही, हे शेवटी या गणनेवरूनच ठरवावे लागते. त्यामुळे गणना सदोष असेल, तर अंदाजाची परीक्षाही सदोष होते.

गणिती प्रतिमाने : अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे व्हॅन्स ए. टकर हे पक्ष्यांच्या उड्डाणाच्या यामिकीचे अभ्यासक होते. त्यांनी १९९६ मध्ये पक्षी घूर्णकातून (पात्यांच्या फिरत्या चक्रातून) जाताना पात्यावर आपटण्याची संभाव्यता काढण्याचे गणिती प्रतिमान प्रसिद्ध केले. व्यवहारात मात्र सर्वाधिक प्रसार झाला तो स्कॉटलंडच्या निसर्गसंरक्षण संस्थेतील विल्यम बँड यांच्या पद्धतीचा. ती २००० मध्ये मार्गदर्शिकेच्या रूपाने आली, एम. मॅडर्स व डी. पी. व्हिटफील्ड यांच्यासह तिचे सविस्तर विवेचन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि सागरी प्रकल्पांसाठी तिची सुधारित आवृत्ती २०१२ मध्ये तयार झाली.

बँड यांच्या पद्धतीत तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीत नियोजित जागी निरीक्षक बसवून कोणत्या जातीचे पक्षी किती वेळ व कोणत्या उंचीवर उडतात हे नोंदतात आणि त्यावरून वर्षभरात घूर्णकातून किती वेळा पक्षी जातील ते काढतात. दुसऱ्या पायरीत, एका फेरीत पक्ष्यास पाते लागण्याची संभाव्यता पक्ष्याची लांबी, पंखविस्तार व वेग आणि पात्यांची संख्या, रुंदी, कल व फिरण्याची गती यांवरून काढली जाते. तिचे तत्त्व सोपे आहे. समजा, तीन पात्यांचा घूर्णक चार सेकंदांत एक फेरा पूर्ण करतो; म्हणजे कोणत्याही एका बिंदूवरून दर सु. १·३३ सेकंदांनी एक पाते जाते. पक्ष्याची लांबी व पात्याची उड्डाणदिशेतील जाडी मिळून दोन मी. आणि पक्ष्याचा वेग सेकंदास १५ मी. असेल, तर पक्ष्यास पात्यांची पातळी ओलांडण्यास सु. ०·१३ सेकंद लागतो. या दोन कालांचे गुणोत्तर सु. एक-दशांश येते. म्हणजे डोळे मिटून सरळ जाणारे दहा पक्षी मानले, तर त्यांपैकी नऊ सुखरूप पार होतील. प्रत्यक्ष गणितात पंखविस्तार व घूर्णकाच्या मध्यापासूनचे अंतर यांमुळे हे मूल्य बदलते. परंतु कल्पना हीच आहे.

पक्षी डोळे मिटून उडत नाहीत. बहुतेक पक्षी यंत्र पाहून दूरूनच वळतात किंवा अखेरच्या क्षणी पाते चुकवितात. म्हणून तिसऱ्या पायरीत ‘परिहाराचे प्रमाण’ विचारात घेतात. म्हणजे शंभरापैकी किती पक्षी आघात टाळतील हे ठरवून उरलेल्यांचाच हिशेब धरतात. सर्व पद्धतीचे मर्मस्थान येथे आहे. वरील उदाहरणात वर्षाला १,००० फेऱ्या मानल्यास टाळण्याचा विचार न करता १०० आघात येतात. परिहार ९५ टक्के मानल्यास पाच, ९८ टक्के मानल्यास दोन आणि ९९ टक्के मानल्यास एकच पक्षी मरेल. ९८ ऐवजी ९९ हा आकडा लिहिल्याने पक्षी जेमतेम एक टक्का अधिक सावध ठरतो, पण मृत्यूंचा अंदाज निम्मा होतो. डी. ई. चेंबरलेन व सहकारी यांनी २००६ मध्ये हीच त्रुटी दाखवून दिली : पहिल्या दोन पायऱ्यांत कष्टाने साधलेली अचूकता तिसऱ्या पायरीतील अपुऱ्या माहितीमुळे वाया जाते. स्कॉटलंडमध्ये पूर्वी सर्वसाधारण जातींसाठी ९५ टक्के परिहार धरीत. २०१० मध्ये तो ९८ टक्के व सोनेरी गरुडासाठी ९९ टक्के करण्यात आला. प्रत्यक्ष प्रकल्पांवरील निरीक्षणे वाढत गेली तसे हे बदल झाले. पण पक्षी तेच व यंत्रे तीच असताना केवळ आकडा बदलल्याने अपेक्षित हानी बदलते, ही वस्तुस्थिती त्यांतून दिसून आली.

कादिझमधील पडताळणी : पूर्वानुमानाची मोठी कसोटी स्पेनच्या दक्षिण टोकास लागली. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीजवळील कादिझ प्रांतात जोरदार वारे वाहतात व यूरोप-आफ्रिका यांदरम्यान स्थलांतर करणारे असंख्य पक्षी तेथे एकवटतात. ग्रिफॉन गिधाडांची वसतिस्थानेही जवळच आहेत. मिगेल फेरर, मानुएला दे लुकास व सहकारी यांनी ५३ नियोजित पवनक्षेत्रांचे परवानगीसाठी केलेले धोका-अभ्यास मिळविले आणि त्यांपैकी पूर्णपणे उभारल्या गेलेल्या २० क्षेत्रांत सापडलेल्या मृत पक्ष्यांशी त्यांची तुलना केली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष धक्कादायक होता. आधी वर्तविलेला धोका आणि नंतर झालेली हानी यांत संबंध आढळला नाही. ज्या क्षेत्रांना अधिक धोकादायक ठरविले होते तेथे अधिक पक्षी मेले असे दिसले नाही. त्याच गटाने २००८ मध्ये दाखविले होते की, एखाद्या ठिकाणी शिकारी पक्षी अधिक असले म्हणजे तेथे मृत्यू अधिक होतातच असे नाही.

याचे कारण गिधाडाच्या उड्डाणात आहे. गिधाड पंख फारसे न हलविता वर चढणाऱ्या हवेच्या आधाराने तरंगते. डोंगरकड्याच्या आकारानुसार वारा कोठे वर ढकलला जातो, यावर त्याचा मार्ग ठरतो. वारा मंद असेल, तर त्यास पुरेशी उंची गाठता येत नाही व ते पात्यांच्या उंचीवरच राहते. त्यात त्याच्या दृष्टीची मर्यादा भर घालते. जी. आर. मार्टिन व सहकारी यांनी २०१२ मध्ये दाखविले की, या प्रजातीतील गिधाडांच्या डोक्याच्या वरच्या बाजूस मोठे अंधक्षेत्र असते. भक्ष्य शोधण्यासाठी मान खाली घातली की पुढची दिशा त्यांना दिसेनाशी होते. उघड्या आकाशात समोर अडथळा असण्याचा प्रसंग त्यांच्या उत्क्रांतीत आलाच नव्हता. म्हणून एकूण क्षेत्रातील पक्षी मोजण्यापेक्षा प्रत्येक यंत्राच्या जागेचा स्वतंत्र विचार करावा, अशी शिफारस करण्यात आली. दे लुकास यांच्या गटाने एका भूप्रदेशाची लहान प्रतिकृती वातविवरात ठेवून वाऱ्याचे मार्ग तपासले, तेव्हा ते गिधाडांच्या मार्गांशी जुळले व घातक यंत्रे कोठे असतील याचाही त्यांवरून सुगावा लागला.

याच प्रांतातील तारीफा परिसरात दुसरा उपायही आजमावण्यात आला. १३ पवनक्षेत्रांत प्रशिक्षित निरीक्षक नेमून, गिधाड धोकादायक रीतीने जवळ येताच ठराविक यंत्रे थांबविण्याची व्यवस्था २००८ पासून सुरू झाली. तिच्यामुळे गिधाडांचे मृत्यू सु. ५० टक्क्यांनी घटले आणि वार्षिक वीजनिर्मितीत केवळ ०·०७ टक्के तूट आली. भविष्य अचूक सांगता येत नसेल, तर समोर दिसणाऱ्या धोक्यास तत्काळ प्रतिसाद द्यावा, असा विचार यातून पुढे आला.

स्मोला : नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील स्मोला द्वीपसमूहात पांढऱ्या शेपटीच्या समुद्रगरुडांची वस्ती दाट आहे. तेथे २००२ व २००५ अशा दोन टप्प्यांत ६८ यंत्रे उभारण्यात आली. धोक्याची सूचना पक्षिवैज्ञानिकांनी आधी दिली होती. पुढे प्रशिक्षित कुत्र्यांच्या साहाय्याने घेतलेल्या शोधात मृत समुद्रगरुड वारंवार सापडून ती खरी ठरली. वेगाने फिरणारी तीन सारखी पांढरी पाती पक्ष्याच्या डोळ्यांत मिसळून अस्पष्ट होतात, असे मेरिलंड विद्यापीठातील डब्ल्यू. होडोस यांच्या प्रयोगांवरून दिसून आले होते. त्याच्या आधारे २०१३ मध्ये स्मोला येथील चार यंत्रांचे प्रत्येकी एक पाते काळे रंगविण्यात आले. रोल माय व सहकारी यांच्या २०२० च्या निबंधानुसार न रंगविलेल्या शेजारील यंत्रांच्या तुलनेने तेथील मृत्यूंचे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक घटले. यंत्रे थोडी असल्याने हा निष्कर्ष सर्वत्र लागू होईलच असे नाही. म्हणून अन्य देशांतही त्याची परीक्षा सुरू झाली. याच बेटावरील टार्मिगन पक्षी मात्र पात्यांवर नव्हे, तर स्थिर मनोऱ्यांच्या बुंध्यावर आपटून मरतात. केवळ पात्यांचा हिशेब करणाऱ्या प्रतिमानात अशा मृत्यूंना स्थानच नसते.

सागरी पवनक्षेत्रे : समुद्रावर मेलेला पक्षी पाण्यात पडून नाहीसा होतो; त्यामुळे गणनेचा मार्ग बंद होतो व पूर्वानुमानावरच सर्व भिस्त राहते. डेन्मार्कच्या निस्टेड येथील ७२ यंत्रांच्या क्षेत्राभोवती एम. डेसहोम व जे. कालर्ट यांनी रडारच्या साहाय्याने स्थलांतरी बदके व हंसक यांचे मार्ग नोंदले (२००५). बहुतेक थवे क्षेत्रास वळसा घालून जात. धोका संभवेल इतक्या जवळून जाणाऱ्यांचे प्रमाण एक टक्क्यापेक्षा कमी होते. इंग्लंडच्या केंट किनाऱ्यापलीकडील थॅनेट क्षेत्रात २०१४–१६ मध्ये यंत्रांवर बसविलेल्या कॅमेऱ्यांनी सु. ६ लक्ष चित्रफिती घेतल्या. पक्षी दिसला अशा सु. १२,००० चित्रफितींत प्रत्यक्ष आघात फक्त सहा आढळले. अशा निरीक्षणांमुळे परिहाराचा आकडा हळूहळू अनुभवाच्या पायावर आला. तथापि एका क्षेत्रात अल्प वाटणारी हानी, एकाच समुद्रात अनेक क्षेत्रे झाल्यावर एकत्रितपणे किती होते, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

उत्तरकालीन प्रगती : एकच आकडा देण्याऐवजी संभाव्य मूल्यांचा पल्ला देण्याकडे कल वाढला. ई. ए. मॅस्डेन यांनी २०१५ मध्ये बँड यांच्या प्रतिमानात अनिश्चिततेचा अंतर्भाव केला. अमेरिकेच्या केंद्रीय मत्स्य व वन्यजीव सेवेने गरुडांसाठी बेझ यांच्या संभाव्यता-सिद्धांतावर आधारलेली पद्धत स्वीकारली. तीत इतर ठिकाणांच्या अनुभवावरून प्रारंभिक अंदाज बांधतात व प्रकल्प सुरू झाल्यावर सापडणाऱ्या मृत पक्ष्यांच्या संख्येनुसार तो वेळोवेळी दुरुस्त करतात. कॅमेरा व संगणक यांच्या योगे गरुड ओळखून यंत्र आपोआप थांबविणारी साधनेही प्रचारात आली. पूर्वानुमान हा परवान्यापूर्वी एकदाच द्यावयाचा निकाल नसून यंत्राच्या आयुष्यभर चालणारी तपासणी आहे, असे त्याचे स्वरूप बदलले.

भारतातील स्थिती : भारतात २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या सूचीत पवन ऊर्जा प्रकल्पांचा समावेश करण्यात आला नाही, त्यामुळे असे पूर्वानुमान सर्वसाधारणपणे बंधनकारक झाले नाही. तरीही काही महत्त्वाचे अभ्यास झाले. कोईमतूर येथील सलीम अली पक्षिविज्ञान व निसर्ग इतिहास केंद्राच्या संशोधकांनी कच्छमधील सामखियाळी व कर्नाटकातील दावणगेरे भागांत यंत्रांखालील मृत पक्ष्यांची पाहणी केली. उत्तर सह्याद्रीतील भांबरवाडी पठारावरील पवनक्षेत्रात पक्ष्यांना असलेल्या आघात-धोक्याचे मूल्यमापन सतीश पांडे व सहकारी यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. राजस्थान व गुजरातमध्ये माळढोक पक्ष्यास पात्यांपेक्षा वीज वाहून नेणाऱ्या उघड्या तारांचा धोका मोठा ठरला. याविषयी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तारा भूमिगत करण्यासंबंधी आदेश दिला व मार्च २०२४ मध्ये त्यात बदल करून तज्ञांची समिती नेमली. यंत्राबरोबर येणाऱ्या तारांचा हिशेब पूर्वानुमानात धरला पाहिजे, हे या प्रकरणावरून स्पष्ट होते.

सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी पठारावरील अभ्यासाने या विषयाला वेगळेच वळण दिले. मारिया ठाकर व सहकारी यांनी २०१८ मध्ये असे दाखविले की, पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी शेजारील मोकळ्या पठाराच्या मानाने सु. एक-चतुर्थांशच आहेत. परिणामी त्यांचे भक्ष्य असलेल्या, गळ्याखाली रंगीत पंखा असणाऱ्या सरड्यांची संख्या तेथे वाढली. त्या सरड्यांच्या रक्तात ताणदर्शक संप्रेरकाचे प्रमाण कमी आढळले आणि माणूस जवळ आला तरी ते उशिरा पळू लागले. जमिनीवर मृत पक्षी क्वचितच सापडावेत व परिहाराचे प्रमाण उत्तम दिसावे, अशीच ही परिस्थिती होय. जो पक्षी ते ठिकाण कायमचे सोडून गेला, तो आघातांच्या गणनेत सुरक्षित म्हणून धरला जातो. पठाराच्या दृष्टीने मात्र तो नाहीसाच झालेला असतो. म्हणून किती पक्षी मरतील या प्रश्नाबरोबरच किती पक्षी तेथे उरतील हेही पाहिल्याखेरीज पूर्वानुमान पुरे होत नाही.